गंगेच्या काठाने गेलेला फ्रेंच वाटसरू



गेल्या मे महिन्यात मुलांच्या सुटीच्या वर्गात आम्ही धर्मशिक्षणाच्या तासानंतर रोज अर्धा-पाऊण तास वाचन ठेवले होते. गोष्टीचे पुस्तक घ्यायचे नाही, खरोखर घडलेल्या गोष्टींचे घ्यायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते. काही पालकांनी मिस्सेनंतर अंगणात आम्हाला गाठून विचारले की, फादर, या फ्रेंच माणसाचे वाचून मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेत किती गुण मिळणार? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या वेळी आम्हाला नीट देता आले नाही. म्हणून हा फ्रेंच माणूस कोण, आणि नांदेड-लातूरच्या लेकरांनी त्याच्याकडे का पाहावे, हे आज या पानावर सांगत आहोत.

त्याचे नाव झाँ द थेवनो. जन्म पॅरिसचा, १६ जून १६३३ चा. घरची परिस्थिती चांगली होती, पोटासाठी फिरण्याची गरज त्याला कधी पडली नाही. पॅरिसच्या नावार महाविद्यालयात शिक्षण झाले. मेल्किसेदेक थेवनो हे त्याचे काका. परदेशच्या प्रवासवर्णनांचा मोठा संग्रह त्यांनीच छापला, आणि गवंडी भिंतीची पातळी पाहायला जी पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी वापरतात तिच्या शोधाचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. काका-पुतण्याची गल्लत अनेक पुस्तकांत होते. मुलांना मात्र त्या बुडबुड्याच्या पट्टीचाच फार आनंद झाला, कारण आमच्या वर्गातील दोघांचे वडील गवंडीकाम करतात आणि ती वस्तू घरात असते.

विशीच्या आतबाहेर असताना थेवनो इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, इटली असा फिरला. रोममध्ये त्याची पूर्वेकडील भाषांच्या एका मोठ्या पंडिताशी, बार्तेलमी देर्बलो यांच्याशी, गाठ पडली आणि पूर्वेला जायचे वेड डोक्यात शिरले. दोघांनी मिळून जायचे ठरले होते. देर्बलोंना घरच्या कामामुळे निघता आले नाही, म्हणून १६५५ साली थेवनो एकटाच निघाला. माल्टा, इस्तंबूल, इजिप्त असे करत १६५८ च्या प्रायश्चित्तकाळात यात्रेकरूंच्या तांड्याबरोबर तो जेरुसलेमला पोहोचला आणि पवित्र भूमीतील स्थळे त्याने पाहिली. परतीच्या वाटेवर समुद्रात चाच्यांशी लढाई झाली, तीतून जहाज सुटले आणि १६५९ च्या एप्रिलात तो इटलीच्या किनाऱ्याला लागला.

यानंतरची चार वर्षे आम्हाला त्याच्या सगळ्या प्रवासाहून महत्त्वाची वाटतात. ही चार वर्षे तो घरी बसून अभ्यास करत होता. पुढच्या प्रवासाला लागणारी शास्त्रे शिकला, वनस्पतींची ओळख करून घेतली. तुर्की, अरबी आणि फारसी या तिन्ही भाषा त्याला येत होत्या. आपण पर्यटनाला निघताना पिशवीत काय भरायचे याचा विचार करतो. डोक्यात काय भरून न्यायचे याचा विचार करणारे थोडेच. पहिल्या प्रवासाचे पुस्तकही त्याने निघण्यापूर्वी स्वतः लावून छापायला दिले आणि नोव्हेंबर १६६३ मध्ये पुन्हा जहाजात बसला.

या वेळी दमास्कस, अलेप्पो, मोसुल, बगदाद या वाटेने तो इराणात उतरला. इस्फहान शहरात पाच महिने राहिला. तेथून किनाऱ्याकडे जाताना त्याला ताव्हर्निये नावाचा दुसरा फ्रेंच माणूस सोबतीला मिळाला. हा ताव्हर्निये जडजवाहिराचा व्यापारी. पूर्वेच्या सहा सफरी केलेला. पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईला त्याने जो मोठा निळा हिरा विकला, तो गोवळकोंड्याकडचाच. बंदरावर डच लोकांनी आडकाठी केल्यामुळे ताव्हर्निये पुढे गेला आणि थेवनोला मागे फिरावे लागले. शेवटी बसऱ्याहून ‘होपवेल’ नावाच्या जहाजाने निघून १० जानेवारी १६६६ रोजी तो सुरतेला पोहोचला.

येथे आमची एक चूक सांगून टाकतो. पहिल्या दिवशी आम्ही मुलांना थेवनो हा हिऱ्यांचा व्यापारी होता असे ठोकून दिले. दोन्ही नावे आमच्या डोक्यात एकमेकांत मिसळली होती. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले की, फादर, एवढे वाचले पण याने एकही हिरा विकत घेतलेला दिसत नाही, मग हा कसला व्यापारी? आम्ही त्या रात्री पुस्तक पुन्हा काढून पाहिले. मुलगा बरोबर होता. थेवनो काहीही विकायला आला नव्हता. तो पाहायला आला होता, आणि हिऱ्यांऐवजी झाडापानांचे वाळवलेले नमुने गोळा करत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली तेव्हा मुले आपसांत कुजबुजली. पण त्या दिवसापासून ती आमच्या प्रत्येक वाक्यावर नजर ठेवून ऐकू लागली, हेही खरे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना शब्दप्रमाण म्हणजे काय, दुसऱ्याच्या सांगण्यावर किती आणि केव्हा विश्वास ठेवावा, यावर आम्ही पाने भरून लिहिले होते. या मुलाने ते एका प्रश्नात करून दाखवले.

पुस्तक इंग्रजीत आहे. मूळ फ्रेंच वर्णनाचा इंग्रजी अनुवाद १६८७ चा. त्यातला हिंदुस्थानचा भाग सुरेंद्रनाथ सेन यांनी संपादित करून १९४९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने छापला. आम्ही एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा असे चालले होते. वर्गात नांदेडची मुले अधिक, पण सुटीत आजोळी आलेली लातूर-उदगीरकडची चार-पाच लेकरेही होती.

सुरतेच्या जकातीच्या नाक्यावर प्रवाशांची अंगझडती किती कडक होती, बैलगाडीला जुंपलेले पांढरे बैल किती चपळ होते, हे सगळे थेवनोने टिपून ठेवले आहे. बैलांच्या वर्णनापाशी वर्ग जिवंत झाला. त्यांच्या नाकातली वेसण त्याला नवलाची वाटली, हे ऐकून मुले हसून लोळली. ज्याला वेसण माहीत नाही असा शिकलेला माणूस त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

मग शिवाजी महाराजांचा भाग आला. थेवनो सुरतेला आला त्याच्या दोनच वर्षे आधी, जानेवारी १६६४ मध्ये, महाराजांनी सुरत लुटली होती आणि शहरात तीच चर्चा होती. त्याने महाराजांना पाहिले का, असे सगळ्यांनी एका सुरात विचारले. नाही, पाहिले नाही. त्याला जे कळले ते बरेचसे सुरतेच्या कापुचिन मठातील फादर अँब्रोज यांच्याकडून. लूट चालू असताना हे फादर महाराजांकडे गेले आणि शहरातील गरीब ख्रिस्ती लोकांच्या जिवाला धक्का लागू नये अशी त्यांनी विनंती केली. महाराजांना त्यांच्याविषयी आदर होता, त्यांनी ती मान्य केली, असे थेवनो लिहितो. बर्निये या त्याच काळातील फ्रेंच वैद्यानेही कापुचिनांच्या घराला हात लागला नाही असे नोंदवले आहे. दोन साक्षी जुळतात तेव्हा गोष्टीला बळ येते, एवढे आम्ही मुलांना सांगितले.

पण त्याच पानांवर थेवनो महाराजांचा जन्म वसईचा असल्याचे लिहून बसला आहे. आम्ही ते वाक्य मुद्दाम जसेच्या तसे सांगितले आणि थांबलो. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून आवाज आला की शिवनेरी! पाठोपाठ सगळा वर्ग शिवनेरी, शिवनेरी म्हणून ओरडू लागला. एका लहानग्याने तर पुस्तक खोटे आहे, बंद करा, असाच निकाल दिला.

आता येथे काय करावे? पुस्तक बंद करून टाकणे सोपे. चूक झाकून पुढे जाणे त्याहून सोपे. आम्ही मुलांना विचारले की, थेवनोने हे डोळ्यांनी पाहिले असेल की कानांनी ऐकले असेल? जन्म काही त्याने पाहिलेला नाही, ऐकलेलाच असणार. मग वहीत दोन रकाने केले. एकात त्याने स्वतः पाहिलेले, दुसऱ्यात त्याने ऐकलेले. पुढचे दहा दिवस मुले प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात घालायचे यावर भांडत होती. वेरूळची लेणी त्याने पाहिली. लेण्यांचे इतके तपशीलवार वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी तो एक. ही लेणी राक्षसांनी, म्हणजे महाकाय माणसांनी केली असे त्याला स्थानिकांनी सांगितले. ते दुसऱ्या रकान्यात. कैलास लेणे राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात खोदवले हे आज शाळेतले पोरही सांगते, पण थेवनोनेही राक्षसांची गोष्ट स्वतःच्या नावावर खपवलेली नाही, लोक असे म्हणतात असेच लिहिले आहे. हा बारकावा पाचवीतल्या एका मुलीने पकडला. आमच्या नजरेतून तो निसटला होता.

औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, थेवनो गोवळकोंड्याच्या वाटेला लागला. आणि या वाटेवरची गावे वाचताना आमच्या वर्गाचे रंगरूपच बदलले. अंबड येते, आष्टी येते आणि मग नांदेड येते. स्पेलिंग वाकडेतिकडे असले तरी नाव ओळखू येते. फळ्यावर ते इंग्रजी अक्षरांत लिहून आम्ही बाजूला झालो. मुलांनी अक्षरे जुळवत मोठ्याने वाचले आणि एकदम शांतता पसरली. आपले गाव साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या पुस्तकात कसे काय, हे कोणाला पटेना. १७०८ साली गुरू गोविंदसिंहजी येथे येऊन राहिले, त्याच्याही चाळीसेक वर्षे आधी हा माणूस येथून गेला, हे सांगितल्यावर सन आणि सनावळी यांना प्रथमच काही अर्थ आल्यासारखे वाटले.

गावांपाठोपाठ नद्या येतात. पूर्णा, गंगा, मांजरा. लातूरकडची मुले मांजरेवर खूश झाली, कारण आतापर्यंत सगळा मान नांदेडच्या मुलांनाच मिळत होता. मात्र गंगेवर पुन्हा भांडण पेटले. नांदेडला गंगा कुठली? गोदावरी! म्हणजे थेवनोची दुसरी चूक, वसईसारखीच. एका हुशार मुलाने ती चूक म्हणून वहीत लाल शाईने लिहूनही टाकली.

त्या दिवशी चटया आवरायला एक आजी आल्या होत्या. लेकरांचा गोंधळ ऐकून त्यांनी विचारले काय झाले, आणि सांगितल्यावर त्या हसल्या. त्यांच्या माहेरी गोदावरी कोणी म्हणतच नाही, गंगाच म्हणतात. सकाळी गंगेवर जायचे, पूर आला तर गंगेला पूर आला म्हणायचे. गंगाखेडचे नाव काय उगाच पडले का? लाल शाईने लिहिणारा मुलगा खजील झाला. पण आम्ही त्याला शाबासकी दिली, कारण त्याच्या चुकीमुळेच आम्हाला सर्वांत मोठी गोष्ट सापडली. थेवनोने नदीचे नाव पुस्तकातून किंवा नकाशावरून घेतलेले नाही. ते त्याने घाटावरच्या, नावेतल्या किंवा गाडीवानाच्या तोंडून ऐकले असणार. वसईची चूक ऐकीव, गंगाही ऐकीव. एक खोटी निघाली आणि दुसरी शाळेच्या पुस्तकापेक्षाही आपल्या मातीच्या जवळची निघाली. तेव्हा ऐकलेले ते सगळे खोटे, असा सोपा नियमही राहिला नाही. मुलांनी दुसऱ्या रकान्याचे पुन्हा दोन भाग केले: ज्याला माहीत असते त्याच्याकडून ऐकलेले, आणि लांबच्याकडून ऐकलेले.

याच सुमारास आणखी एक प्रश्न आला. या लोकांना पुस्तके शोधक म्हणतात, मग थेवनोने शोधले काय? रस्ता तर आधीचाच होता. बंजारांचे तांडे त्यावरून धान्य, डाळी, मीठ वाहून नेत. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असल्याचे ताव्हर्निये लिहितो. किनवट-माहूरकडच्या तांड्यावरचा एक मुलगा वर्गात होता. त्याने मान ताठ करून सांगितले की, वाट आमच्या लोकांनी पाडली आणि नाव फ्रेंच माणसाचे झाले. यावर आम्ही वाद घातला नाही. थेवनोने स्वतःही काही शोधून काढल्याचा डौल मिरवलेला नाही. तो वाटसरू होता. फरक एवढाच की तो रोज रात्री वही काढून बसत असे. त्या मुलाला आम्ही विचारले की तुमच्या तांड्याची जुनी वाट कोणाला माहीत आहे? आजोबांना, म्हणाला. ती लिहून ठेवली आहे का? नाही. दुसऱ्या आठवड्यात तो आजोबांकडून बारा मुक्कामांची नावे लिहून घेऊन आला. दोन गावे आम्हालाही नकाशावर सापडली नाहीत.

एक प्रसंग असा आहे की तो लिहिताना आजही अवघड वाटते. दख्खनच्या याच प्रवासात थेवनोने डोंबाऱ्यांचा खेळ पाहिला आणि त्याचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले. त्यात तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी होती. तोंडात आडवी धारदार तलवार धरून ती अंगाच्या घड्या घाली, पाय उचलून डोक्यापाशी नेई, आणि तलवार जराही लागू देत नसे. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. वाचून झाल्यावर त्याच वयाच्या एका मुलीने विचारले, तिचे नाव काय होते?

आम्ही पान मागे उलटले, पुढे उलटले. नाव नाही. नद्यांची नावे आहेत, गावांची आहेत, ज्या इंदलवाई गावात तलवारी आणि खंजीर घडवत त्या गावाचेही आहे. त्या मुलीचे नाही. त्याने विचारले नसेल का, असे तिने पुन्हा विचारले. त्याला फारसी येत होती, विचारायचे असते तर कोणाकडून तरी विचारता आले असते, एवढेच आम्ही म्हणू शकलो. थेवनो सज्जन होता, असे त्याच्याविषयी सगळे लिहितात. पूर्वेच्या जीवनाची त्याने बाहेरची बाजूच पाहिली, आतली नाही, असा आक्षेपही जाणकार घेतात. तो आक्षेप त्या मुलीला कोणी शिकवला नव्हता. त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

गोवळकोंड्याहून थेवनो मछलीपट्टणच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि परतताना बिदरवरून पाथरीकडे आला. बिदर ते पाथरी अशी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढा, ती आजच्या लातूर जिल्ह्यातून जाते. उदगीरच्या मुलाने ती रेघ स्वतः ओढली आणि कोणालाही पट्टीला हात लावू दिला नाही. हिंदुस्थानात तो एकूण तेरा महिने राहिला आणि १६६७ च्या आरंभी सुरतेहून पुन्हा इराणकडे निघाला.

पुढचे थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. इराणात पिस्तुलाची गोळी चुकून सुटून त्याला लागली. त्या उन्हाळ्यात तो इस्फहानला अंथरुणावर होता. ऑक्टोबरात बरे वाटले म्हणून तब्रिझच्या वाटेला लागला, पण मियाना नावाच्या गावी २८ नोव्हेंबर १६६७ रोजी त्याचा मृत्यू झाला. वय चौतीस. घर अजून फार दूर होते. नांदेडचे नाव लिहिलेल्या वह्या मात्र फ्रान्सला पोहोचल्या, त्यांतला इराणचा भाग १६७४ साली आणि हिंदुस्थानचा १६८४ साली छापला गेला. आपल्या गावाचे नाव छापलेले पान थेवनोने कधी पाहिलेच नाही. वही कोणी नेली, असे मुलांनी विचारले. तेही रकान्यात बसेना.

पालकांच्या प्रश्नाकडे परत येतो. गुण किती मिळतील, हे आम्हाला अजूनही सांगता येणार नाही. एका आईने मात्र तक्रार केली की तिचा मुलगा हल्ली घरी कोणी काही सांगितले की पाहिले की ऐकले, असे विचारतो आणि शेजारणीच्या गप्पांचाही रकाना ठरवतो. त्याबद्दल आम्ही तिची माफी मागितली आहे.

मुलांनी केलेला मोठा नकाशा सभागृहाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लावला आहे. सुरत ते मछलीपट्टण लाल रेघ, परतीची निळी, आणि तांड्याच्या बारा मुक्कामांची हिरवी, जिच्यात दोन जागा अजून मोकळ्या आहेत. नांदेडपाशी गंगा असेच लिहिले आहे, खोडायचे नाही असे ठरले. एका कोपऱ्यात त्या डोंबाऱ्याच्या मुलीचे चित्र आहे, खाली नावासाठी रिकामी ओळ. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृह उघडे राहील. ज्यांच्या घरी जुन्या वाटा, उतार, नावा किंवा बाजाराची गावे ठाऊक असलेले वडीलधारे आहेत, त्यांनी त्यांना सोबत आणावे. मुले वह्या घेऊन बसलेली असतील.

आपले धर्मगुरू